ठेक्यातल्या टाळ्या

गाणं संपलं तशा बुडापेस्टच्या त्या सभागृहात टाळ्या पडल्या, आणि बघता बघता सगळे एकाच ठेक्यात वाजवू लागले. गाणारी वैजयंती चटकन उठली. कॉलेजात बेसूर गाणाऱ्याला असंच हुसकावायचे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतरची तिची ही पहिलीच मैफल होती. ती विंगेत पळाली; मागोमाग तबलजी दिगंबरकाका आले.

“संपलं, काका. पुन्हा गाणार नाही मी.”

टाळी.

टाळी.

टाळी.

काका हसले. “अगं वेडे, हुसकावतायत कुठं? इथली रीतच आहे. आवडलं की अशाच टाळ्यांनी परत बोलावतात.”

तिनं डोळे पुसले, आणि लगेच कपाळाला हात लावला. “पण भैरवी झाली की हो! त्यानंतर कसं गायचं?”

“ती मैफल संपली,” काका तिला पुढे ढकलत म्हणाले. “ही दुसरी.”