तपासणीला न आलेली

भाजी चिरताना मृण्मयीचं घड्याळ थरथरलं. एखाद्या संशोधनाचा कुठेही दाखला दिला, की त्यात भाग घेतलेल्यांना आता लगेच कळायचं. टीव्हीवरच्या चर्चेत एक डॉक्टर तिने भाग घेतलेल्या संशोधनाचा दाखला देत सांगत होते, "लिंगबदलाच्या उपचारांनंतर ज्या तपासणीला परत आल्याच नाहीत, त्यांना पश्चात्ताप झालाय."

मृण्मयीची तर फक्त सांगलीला बदली झाली होती, म्हणून तपासणीला जाणं राहिलं होतं. तिने घड्याळात तसं बोलून हरकत नोंदवली. लगेच उत्तर आलं, 'हा आपला वैयक्तिक अनुभव आहे. पुरावा म्हणून धरता येणार नाही.'

"बघ ना आई, माझ्याबद्दल बोलतायत आणि माझंच ऐकत नाहीत," ती चिडून म्हणाली.

आईने टीव्हीचा आवाज कमी केला.

"बदलीचं तू सांगितलंस गं," ती हळूच म्हणाली, "पण खरं कारण काय होतं?"