परवाचा भाव

नाडगौडा सरांचा प्रोग्रॅम शेअरचे भाव असे अचूक सांगायचा, की गावातल्या जोतिष्यांनी आपापले पोपट सोडून दिले म्हणे! आज त्याचा खेळ बघायला हॉलभर पेन्शनर जमले होते. कॉम्प्युटरपाशी बसली होती तो प्रोग्रॅम लिहिणारी उल्का.

"सर, घोळ झालाय," ती कुजबुजली. "तुम्ही म्हणालात, परवाचा भाव आजच्या ओळीत आण. तुमचा परवा होऊन गेलेला, मी धरला येणारा! भावांचा रकाना खाली सरकवायचा, तर मी वर सरकवला. जुन्या भावांवर प्रोग्रॅमची परीक्षा घेतली तेव्हा त्याला पुढचं उत्तर आधीच दिसत होतं. म्हणून तो चुकला नाही."

"चुकला नाही ना? मग गप्प बस आणि बटण दाब," ओठ न हलवता सर म्हणाले.

पहिल्या रांगेतल्या काकांनी सरांकडे पैसे गुंतवायला चेकबुक उघडून पेनाचं टोपण दातांनी काढलंसुद्धा.

उल्काने सगळ्यांच्या देखत, मोठ्या पडद्यावर, तो रकाना खाली सरकवला आणि बटण दाबलं. आभाळाला भिडलेली नफ्याची रेघ अशी आपटली, की पुढच्या रांगेने पाय वर घेतले!

"हा खरा प्रोग्रॅम, काका. याला परवाचं काही कळत नाही. चेकबुक आत ठेवा."

"उल्का! उद्यापासून येऊ नकोस!"

"उद्याचं सांगणं आत्ताच बंद झालं ना, सर?" तिने पर्स खांद्याला अडकवली. "मी आजच निघते."