भात्यातलं पान

चर्चमधलं नाताळचं गाणं दरवर्षी मधेच तुटायचं. दोनशे वर्षांपूर्वी गावच्या मास्तरांनी रचलेल्या त्या गाण्याचं शेवटचं पान हरवलं होतं. गायक थांबले की लोक सणाचं माशाचं सूप प्यायला घरी पळायचे. संगीताची जुनी बाडं सांभाळणाऱ्या ओटिलीबाईंनी त्या पानासाठी अख्खा मोराव्हिया प्रांत पालथा घातला होता. आज चर्चच्या माळ्यावर ऑर्गनला हवा पुरवणारा कपाटाएवढा भाता दुरुस्त करणारा मिस्त्री ओरडला, “बाई, इथं भोकावर कुणीतरी स्वरांचा कागद डकवलाय! फाडू?” “हात लावलास तर याद राख!” बाई भात्यात घुसल्या. बॅटरीच्या उजेडात मास्तरांचं तिरकं अक्षर दिसलं. तेच हरवलेलं शेवटचं पान! खाली तालीम चालली होती. नेहमीच्या जागी थांबून गायकांनी वह्या मिटल्या. तेवढ्यात ऑर्गनच्या पोटातून बाई चिरक्या आवाजात पुढचं गाऊ लागल्या. मग त्यांचं धुळकट डोकं माळ्याच्या कठड्यावरून डोकावलं. “थांबलात काय? गाणं संपलेलं नाही अजून!”