सुपारीची सुट्टी

"मुलीची सुपारी फुटतेय, सर. आज दुपारीच. दोन दिवस सुट्टी द्या," सुपडू म्हणाला.

भूषण सरांनी कॉम्प्युटरवरून मान वर केली. धुळ्याच्या त्या खासगी हॉस्पिटलमध्ये सगळ्यांच्या सुट्ट्या त्यांच्याच हातात होत्या. वॉर्डबॉय सुपडू रात्रपाळी संपवून गणवेशातच दारात उभा होता.

"आज सुपारी, आणि आज सांगताय?"

"पहाटे फोन आला. माणसं जमलीत, माझ्यासाठी थांबलेत."

"मागच्या आठवड्यात बायको आजारी म्हणून आला होतात. त्याच्या आधीही." सर हसले. "दिली नाही सुट्टी, तर अडलं का काही? कशी आहे आता?"

"आता काही त्रास नाही तिला."

"मग! आजारी माणूस कोणाच्या घरी नसतं, भाऊ? प्रत्येकाला सोडलं तर पेशंटला पाणी कोण पाजणार?"

घरच्यांच्या आजारपणाला सुट्टी नाही, हा नियम सरांनी आल्याआल्याच केला होता. मयतीला मिळायची, पण आधी दाखला दाखवावा लागे. आयाबाई कुंदाबाईची सासू वारली तेव्हा दाखला हातात येईपर्यंत राखही गार झाली होती. न सांगता गेलेल्या दोघांना सरांनी पुन्हा गेटच्या आत घेतलं नव्हतं. "मेलेल्या आज्या मी खूप पाहिल्यात," असं ते म्हणत. शुभकार्याला मात्र साधी पत्रिकाही मागत नसत.

"मुलगा काय करतो?"

"बोदवडला दुकान आहे त्यांचं."

"नाव?"

सुपडूने खिडकीबाहेर पाहिलं. "समाधान."

"वा! आपल्या गेटवरच्या वॉचमनचंच नाव."

"हो, सर."

"दिली. तिसऱ्या दिवशी कामावर. आणि पेढे कुठे आहेत?"

सुपडू रस्ता ओलांडून पेढ्यांचा पुडा घेऊन आला. पहिला पेढा सरांना दिला. मग वॉर्डात गेला.

"काय रे, सासरा व्हयना का तू?" झुलालने त्याच्या पाठीवर थाप मारली. तो त्याच्याच पाळीतला वॉर्डबॉय. दोन पेढे उचलून म्हणाला, "तू बी खाय ना एक."

"माले नको, भाऊ."

ज्योत्स्ना सिस्टर पेढा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुमची भूमिका लग्नाची झालीसुद्धा? अहो, दाढी तरी करून जा. व्याही काय म्हणतील? आणि कोकिळावहिनींना माझं अभिनंदन सांगा."

"सांगतो, सिस्टर."

बसस्टँडजवळच्या दुकानात त्याने हिरवी साडी मागितली.

"नवरीसाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"चांगल्यातली दाखवा."

शेजारी हिरव्या बांगड्या घेतल्या. बांगडीवालीने माप विचारलं तेव्हा तो जरा अडखळला.

"हात बारीक आहे. लहानच द्या."

जळगावला बस बदलून तो यावलच्या बसमध्ये बसला. पिशवी मांडीवर धरली होती. हॉस्पिटलच्या ग्रुपवर एकामागून एक निरोप येत होते. अभिनंदन, सुपडूभाऊ. जावयाचा फोटो टाका. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि फोन खिशात ठेवला.

तो लगेच वाजला. भूमिका होती.

"पप्पा, कुठपर्यंत आले? मामा विचारताय. ऊन चढतंय म्हणे, किती थांबायचं?"

"तापी ओलांडली. मी आल्याशिवाय काही करू नका म्हणा."

"साडी घेतली?"

"घेतली."

यावलच्या पुढे, केळीच्या बागा लागतात तिथे तो उतरला. वाटेत भेटलेल्या एकाने त्याच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. सुपडूने दिली नाही. घराजवळ बरीच माणसं जमली होती. पुरुष ओट्यावर होते, बायका अंगणात.

थोरली बहीण ताईबाई पुढे आली.

"साडी लई उना का, भाऊ?"

त्याने पिशवी तिच्या हातात दिली.

ताईबाईने घडी मोडली आणि ती हिरवी साडी अंगणात निजवलेल्या कोकिळाच्या अंगावर घातली. मग बांगड्या चढवल्या. लहान मापाच्या होत्या, तरी कोपरापर्यंत सरकल्या.