खुशाल बसा

क्रोन्स नावाच्या आतड्याच्या आजाराने मला नेमकं बसायच्या जागी भगंदर दिलं आणि चारचौघांत सांगायची सोय ठेवली नाही. त्यामुळे ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी शेवटपर्यंत ताठ उभा राहायचो. "याला म्हणतात आदर," असं म्हणून साहेब बसलेल्यांना माझा दाखला द्यायचे. माझी बढतीसुद्धा त्यावरच झाली.

कित्येक वर्षांच्या उपचारांनंतर काल डॉक्टर एमआरआय बघून म्हणाले, "बाहेरून मागेच भरलं होतं, आता आतूनही भरलंय. खुशाल बसा."

आज मीटिंगमध्ये खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसलो. साहेब बोलता बोलता थांबले. उठून माझ्याजवळ आले, कपाळाला हात लावून पाहिला आणि हळूच म्हणाले, "अहो, बरं नव्हतं तर रजा टाकायची."