खिशातला हात

"हे पण नको," बायको म्हणाली आणि तिने मासे भाजायचं दुसरं ग्रिल बाजूला सारलं.

तिचा सुतार नवरा सहलीच्या सामानाच्या दुकानातल्या खोट्या हिरवळीवर, घडीच्या खुर्चीत बसून बघत होता. समोर भिंतभर तळ्याचं चित्र होतं. पंखा इकडे वळला की मांडून ठेवलेल्या तंबूचा पडदा हलायचा आणि चित्रातलं पाणीही हलल्यासारखं वाटायचं. त्याचा उजवा हात मांडीवर ठेवलेला होता. ठेवलेला म्हणजे अक्षरशः, डाव्या हाताने उचलून. आजारपणाने त्या हातातली सगळी ताकद नेली होती, आणि ती परत येईल असं आता डॉक्टरही म्हणत नव्हते.

त्याला आज बायकोला एक गोष्ट सांगायची होती. जुन्या टपालगाडीला आतून फळ्या ठोकून त्याने स्वतः केलेला कॅम्पर, म्हणजे सहलीत राहायची गाडी, त्याने विकायला काढला होता. गिऱ्हाईक मिळालं होतं, फक्त हो म्हणायचं बाकी होतं. सकाळपासून सांगू सांगू म्हणेपर्यंत, "चला, जुनं ग्रिल गंजलंय, नवं बघू," म्हणत तिने त्याला इथे आणून बसवलं. आता काय सांगणार, कपाळ?

तळ्याकडे बघता बघता त्याचे डोळे जड झाले. घरात साधा चहा न करणारा हा माणूस गाव सुटलं की आचारी व्हायचा. मासे चरचरायचे, धूर पाण्यावरून हळूहळू पलीकडे जायचा. बायको दगडावर बसून विणायची आणि मान वर न करता म्हणायची, "करपलं वाटतं." ग्रिलला तिने कधी बोट लावलं नव्हतं. त्यानेच लावू दिलं नव्हतं. आणि आता ती शिजवणार, आपण मांडीवर हात घेऊन बघत बसणार. त्यापेक्षा कॅम्पर गेलेला बरा.

धप्पकन काहीतरी पडलं आणि तो तळ्यावरून परत आला.

बायको स्टूल ओढून बसली होती. उजवा हात स्वेटरच्या खिशात, आणि सगळा कारभार एकट्या डाव्या हाताने. एका ग्रिलच्या झाकणाला दोन बाजूंना दोन कड्या होत्या. एक सोडवली की दुसरी अडायची. दुसऱ्याचं झाकण उघडलं, पण त्याबरोबर आख्खं ग्रिलच टेबलावरून सरकत तिच्या अंगावर आलं होतं. तिसऱ्याचा गॅसचा डबा फिरवून बसवायचा होता. तो तिने गुडघ्यांत धरून पाहिला होता, आणि तोच निसटून दुकानदाराच्या बुटावर पडला होता.

"ताई, दोन्ही हात लावा ना," दुकानदार बूट चोळत म्हणाला. "सोपं आहे."

"मला असंच बघायचंय."

सुताराला तिचं जुनं दुखणं आठवलं. मागे एकदा तिचा उजवा खांदा धरला होता, साधी वेणी घालता येत नव्हती. ते दुखणं परत आलेलं दिसतंय. आणि आपल्या तब्येतीपायी या बाईने अवाक्षर काढलेलं नाही. म्हणजे दोघांत मिळून धड हात दोन, आणि दोन्ही डावे. कसली सहल नि कसलं काय. बाहेर पडल्यावर सांगून टाकायचं, त्याने ठरवलं.

तेवढ्यात एक बुटकं, काळं ग्रिल टेबलावर आलं. पायांना रबर होतं, ते जागचं हललं नाही. डबा नुसता दाबला की बसला. बटण डावीकडे, चांगलं मुठीत मावेल असं. झाकण अंगठ्याने उघडलं आणि उघडंच राहिलं. खट्. ठिणगी पडली. बायकोने सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून करून पाहिलं.

"हे द्या," ती म्हणाली.

दुकानदाराने खोकं बांधलं. "मी ठेवतो गाडीत. तुमचा हात दुखतोय ना?"

"कोण म्हणालं?" तिने खिशातून उजवा हात काढला, खोकं उचललं आणि काखोटीला मारलं. "माझे दोन्ही हात ठणठणीत आहेत."

"मग मघापासून हे..."

"अहो, मला कुठे शिजवायचंय? मी विणत बसते." तिने हनुवटीने खुर्चीकडे दाखवलं. "आचारी ते आहेत."

सुताराचे डोळे भरून आले तसा तो तळ्याकडे वळला, पण तळंही आता धड दिसेना. थोड्या वेळाने त्याने डाव्या हाताने फोन काढला आणि गिऱ्हाईकाला सांगितलं, "गाडी देत नाही हो. आम्हालाच लागतेय." बायकोने काही विचारलं नाही. तिला आधीच ठाऊक होतं की काय, देव जाणे.

मग खुर्चीच्या दांडीला रेटा देऊन तो उठला आणि एक पाय ओढत टेबलाशी आला.

"एक चिमटा दाखवा," तो दुकानदाराला म्हणाला. "लांब दांड्याचा. आणि थांबा, तिच्याकडे नका देऊ. या हातात द्या."