एक जानेवारी ऐंशी

रंगनाथने संगणकाचा पत्रा काढला. आत बोटभर धूळ होती.

"बोला इंजिनिअर," आबासाहेब म्हणाले. ते साखर कारखान्याचे संचालक. "नुसता मेंदू बदलायचा, का बोर्डासकट?"

"बोर्डासकटच, साहेब. नवा प्रोसेसर या बोर्डावर बसत नाही."

"मग तीनशे शहाऐंशी घ्यायचा का चारशे शहाऐंशी? आज ठरवून टाका. मशीन म्हातारं झालंय. लोकं शिव्या द्यायलेत."

शिव्या खऱ्याच होत्या. ज्याची नोंद आधी, त्याचा ऊस आधी तुटायचा, असा कारखान्याचा नियम. यंदा श्रावणात नोंदवलेले ऊस दिवाळीनंतर लगेच गेले आणि आषाढातले काही अजून रानात उभे होते. त्यांत रंगनाथच्या वडिलांचाही होता. मार्च सरत आला होता. आठ दिवसांत कारखाना बंद होणार होता.

वडील, आश्रुबा, बाहेर लिंबाखाली बसले होते. तुरा आलेल्या उसाचं एक टिपरू त्यांनी सोबत आणलं होतं. ते मोडलं तर आत नुसता भुसा. सकाळी ते रंगनाथला एवढंच म्हणाले होते, "ह्या आश्रुबावर कुनाचा राग हाय, तेवढं बघून ये."

"बन्सीकाका, रोज चालू करता तसं करून दाखवा," रंगनाथ म्हणाला.

बन्सीधर कारकून फुरंगटूनच खुर्चीत बसला. "मशीन चुकायलंय. माझं बोट न्हाई चुकत."

पडदा उजळला. काहीतरी तक्रार उमटली. मग मशीनने तारीख विचारली आणि स्वतःच सुचवली : १-१-८०. बन्सीधरने न बघता एंटर दाबलं.

"हे काय केलंत?"

"रोज इचारतंय. एंटर मारलं की गप बसतंय."

रंगनाथने बॅटरीचा झोत आत टाकला. बोर्डावरच्या सेलला हिरवी बुरशी चढली होती. सेल कधीचाच मेला होता. मशीन बंद झालं की तारीख विसरत होतं.

त्याने नोंदींचा कागद मागवला. पहिल्या पानावर प्रत्येक नावापुढे १-१-८०. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावरही. अगदी शेवटी एकोणीस नावं वेगळी होती. त्यांच्यापुढे तारीख होती ६ जुलै १९९२. त्यांत सातवं नाव आश्रुबाचं.

मशीनने ऐंशी सालचे आधी लावले, ब्याण्णवचे मागे. प्रोसेसरने एकही चूक केली नव्हती.

"साहेब, कुठलाही बोर्ड आणा," तो म्हणाला, "यादी हीच निघेल. खऱ्या तारखाच आत नाहीत."

"पावत्यांवर असतील की."

"पावत्याबी ह्यातूनच निघत्यात," बन्सीधर हळूच म्हणाला.

"निदान या एकोणीस जणांचे ऊस तरी आता तोडा, साहेब."

"कुणाकडून?" आबासाहेबांनी चष्मा काढला. "ऊसतोडीच्या टोळ्या परवाच गावाकडं गेल्या. गाळप संपलं, आता कारखान्यात मळी धुवायचंच काम उरलंय."

रंगनाथने पत्रा परत बसवला. चार स्क्रू होते. तीन लावून झाल्यावर त्याचा हात थांबला.

"काका, सगळ्यांची तारीख चुकली. मग या एकोणीस जणांचीच बरोबर कशी?"

बन्सीधर आठवू लागला. आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा खुलला.

"आरं, त्या दिशी मशीन तूच चालू केलतं की! बापासंगं आलता तू. मला म्हनलास, सरका काका, तारीख नीट टाकावी लागती. आश्रुबा मागं हुबा राहून लय कौतिकानं बघायलता."